माझा अनुभव : जुन्या माउझरची माशी आणि ‘स्टँडर्ड’ उंची

रायफलला साधी लोखंडी साइट, म्हणजे नेम धरायची खूण, बसवायची, यात डोकं फिरण्यासारखं काय आहे असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं, जर साइट विकणाऱ्याने माझ्या प्रत्येक प्रश्नाला ‘सर, स्टँडर्ड आहे, सगळ्या ९८ ना बसते’ एवढं एकच उत्तर दिलं नसतं तर.

रायफल माउझर ९८, मूळची लष्करी. फार पूर्वी कुणीतरी तिचा दस्ता छाटून, वरचं लाकूड काढून, नळी आखूड करून ती शिकारीची केलेली. नळी कापताना पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचं नेम धरायचं उभं टोक, गेली, मागची साइटही उतरवलेली. वर दुर्बीण होती, ती मी काढून टाकली. दाट झाडीत, जवळच्या अंतरावर, पावसाच्या झिमझिमीत काचेपेक्षा लोखंड बरं, हे माझं मत आहे आणि ते बदलायला मी तयार नाही.

लष्करी साइटच परत लाव, असं एकाने सुचवलं. पण पहिल्या महायुद्धातल्या गेवेर ९८ ची, म्हणजे लांब नळीच्या लष्करी माउझरची, मागची साइट सुरूच ४०० मीटरपासून होते. शंभरावर नेम धरला की गोळी बरीच वरून जाते. नंतरच्या कार ९८-के या आखूड लष्करी माउझरवर खुणा १०० पासून आहेत, तरी मागच्या साइटची खाच नळीवर, डोळ्यापासून पुष्कळ पुढे. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्याला खाच, माशी आणि सावज या तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट दिसत नाहीत. पीप साइटमध्ये खाचेऐवजी छिद्र असतं, आणि ते रिसीव्हरच्या (नळीमागच्या, बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाच्या) मागच्या टोकाला, डोळ्याजवळ असतं. त्यातून नुसतं बघायचं, माशी मध्यावर आणायचं काम डोळा आपसूक करतो. शिवाय दोन साइटमधलं अंतर वाढतं, म्हणजे नेमातली चूक कमी होते. पीप घ्यायचा निर्णय पटकन झाला.

रिसीव्हरला भोकं पाडणं परवानाधारक गनस्मिथकडे दिलं. ९८ च्या रिसीव्हरचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, साधं ड्रिल त्यावर घसरतं. त्याने कार्बाइडचं वापरलं. स्क्रूचं टोक आत बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याच्या) वाटेत येत नाही ना, एवढं समोर उभं राहून बघून घ्या. आणि बदल करण्याआधी आपल्या परवान्याचे नियम वाचा. रायफल मूळ लष्करी रूपात शाबूत असेल तर तिला ड्रिल लावूच नका. माझी आधीच कापलेली होती म्हणून हात धजावला.

आता माशी.

सेटबरोबर ०.४५० इंच उंचीची माशी आली. बसवली, रेंजवर गेलो, पीप सगळ्यात खाली आणून शंभर मीटरवर गोळ्या झाडल्या. गोळ्यांचा गट छान जमला, पण नेमापेक्षा सतरा सेंटिमीटर वर. विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, ‘पीप खाली करा.’ खालीच आहे म्हटलं. ‘मग अजून खाली करा.’ स्क्रू तळाला टेकलाय, फोटो पाठवला. त्यावर एक फॉर्म आला. त्यात रकाना होता ‘मूळ माशीची उंची’. मूळ माशी नाहीच, नळी कापलेली आहे, असं लिहिलं तर फॉर्म अपूर्ण म्हणून परत! शेवटी मी विचारलं की तुमच्या यादीतली उंची मोजता कुठून? रॅम्पच्या (नळीवरच्या, माशी बसते त्या उंचवट्याच्या) खाचेत बसणाऱ्या तळापासून की रॅम्पच्या पृष्ठभागापासून? या एका प्रश्नावर चार ओळी लिहिल्या असत्या तर पुढची सगळी वाट बघणं वाचलं असतं. उत्तर काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

‘स्टँडर्ड’ का चालत नाही ते मी स्वतः मोजून काढलं. नळीच्या मध्यरेषेपासून पीपच्या छिद्राचा मध्य माझ्या रायफलवर २४ मिलिमीटर वर. शंभर मीटरवर माझी गोळी नळीच्या रेषेपासून साधारण साडेआठ सेंटिमीटर पडते. दोन साइटमधलं अंतर ६८० मिलिमीटर. हिशेब केला तर माशीचं टोक छिद्राच्या मध्यापेक्षा जेमतेम पाऊण मिलिमीटर खाली हवं. म्हणजे मध्यरेषेपासून सव्वातेवीस मिलिमीटर. आता त्यातून नळीची अर्धी जाडी वजा करा, रॅम्प वजा करा, उरेल ती माशी. दोन ९८ च्या नळ्या वेगळ्या जागी कापल्या, कुणी बाहेरून तासून बारीक केल्या, की उरणारा आकडा वेगळा. सगळ्यांना एकच उंची कशी बसेल?

कमी-जास्त किती ते काढायचं सूत्र सोपं आहे. निशाणावरची चूक गुणिले साइटमधलं अंतर, भागिले निशाणाचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. १७० गुणिले ६८०, भागिले १,००,०००. आलं १.१६ मिलिमीटर, म्हणजे इंचाचे ४५ हजारांश. गोळी वर जात असेल तर माशी उंच हवी. मागच्या साइटचं उलट असतं: जिकडे गोळी न्यायची तिकडे साइट सरकवायची. ०.४५० मध्ये ०.०४५ मिळवले की ०.४९५, यादीत जवळची ०.५००. उरलेला फरक पीप किंचित वर करून भरून निघतो.

तरी ‘उंची कुठून’ हे अधांतरीच होतं, म्हणून गनस्मिथकडून मुद्दाम जास्त उंच, सपाट पोलादी पातं करून घेतलं. पीप तळापासून थोडी वर ठेवली आणि रेंजवर रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, कानस हातात घेतली. कानशीचे दोन हात मारायचे, कानशीचा कीस पुसायचा, चमकलेल्या टोकावर मेणबत्तीची काजळी धरायची, मग पुन्हा गोळ्या. कानस चालेल तशी गोळी वर चढते. वर गेलेली परत खाली आणता येत नाही, म्हणून शेवटी शेवटी एकेक हात. गोळ्या नेमावर आल्या तेव्हा पातं काढून व्हर्नियर कॅलिपरने तळापासून टोकापर्यंत मोजलं, कॅलिपरसकट फोटो काढला आणि नव्या माशीच्या ऑर्डरला जोडला. या वेळी कुणी ‘स्टँडर्ड’ म्हटलं नाही. आकड्यासमोर तो शब्द टिकत नाही, हे बघून मला जरा आसुरी आनंद झाला.

हे पातं बसवण्याआधीच सांगायला हवं होतं: रॅम्पच्या खाचेतली माशी साधारणपणे उजवीकडून आत ठोकतात आणि उजवीकडेच बाहेर काढतात. पितळी पंच वापरा.

माशीचा आकारही बघा. गोल, चकचकीत पितळी मण्यावर एका बाजूने ऊन पडलं की डोळा उजळ कडेलाच मध्य समजतो आणि गोळी उन्हाच्या विरुद्ध बाजूला सरकते. मी सपाट तोंडाची, वर आभाळाकडे कललेली पितळी माशी घेतली. संध्याकाळीही ती प्रकाश धरते. अंधारून आलं की पीपमधली बारीक छिद्राची चकती फिरवून काढतो आणि उरलेल्या मोठ्या कड्यातून बघतो. जवळच्या अंतराला तेवढं पुरतं. चकती मात्र खिशात सुटी टाकू नका.

गोळीचं वजन बदललंत तर शून्य, म्हणजे गोळी नेमावरच लागते ना, ते पुन्हा तपासा, माझा आकडा माझ्या गोळीपुरता आहे.

०.४५० ची ती पहिली माशी परत घ्यायला विक्रेता तयार नाही. बसवून काढली म्हणजे वापरलेली झाली म्हणे.