आजार डोळ्याचा, मग रक्त कशाला?

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या आमच्या मळ्यात शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीच येते. मोटर चालू करायला धाकटा भाऊ जायचा आणि चार-आठ दिवसांनी कुठेतरी गुडघा फोडून यायचा. लहानपणापासून तो असाच. "रातांधळं आहे पोराला, गाजर खाऊ घाला," असं आजी म्हणायची. जीवनसत्त्व अ कमी पडलं की अंधारात दिसेनासं होतं हे खरंच आहे, त्यामुळे कुणी पुढे विचार केला नाही. गेल्या वर्षी तो विहिरीच्या कठड्यावर आदळला आणि थोडक्यात वाचला. दुसऱ्याच दिवशी मी त्याला गंगापूर रोडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

थेंब टाकून बाहुली मोठी केली, पडदा पाहिला. पडद्याच्या कडेकडेने काळे डाग होते. डॉक्टरांनी नाव सांगितलं रेटिनायटिस पिगमेंटोसा. साधारण 4,000 माणसांत एकाला होतो आणि चष्म्याने हटत नाही.

ईआरजी, म्हणजे प्रकाश पडल्यावर पडदा जो विजेचा संदेश देतो तो रेघेत टिपणारी तपासणी, करायला पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली. ही तपासणी मला फार आवडली, कारण यात डोळा स्वतः उत्तर देतो. आधी 20 मिनिटं मिट्ट अंधारात बसवतात. मग अगदी मंद प्रकाश चमकवतात. त्याला फक्त दंडाकार पेशी, म्हणजे रॉड, उत्तर देतात. भावाची रेघ सपाट आली. नंतर उजेडात बसवून सेकंदाला 30 वेळा दिवा लुकलुकवतात. त्या वेगाला रॉड पुरे पडत नाहीत, दुसऱ्या प्रकारच्या, शंकू पेशी पुरे पडतात. तिथे रेघ बारीक होती, पण होती. डोळ्यात रॉड सुमारे 12 कोटी आणि शंकू पेशी 60 लाखांच्या आसपास. त्याचं दिवसाचं वाचन, रंग, माणसांचे चेहरे हे सगळं त्या 60 लाखांवर चाललेलं होतं.

पुढे जनुक तपासणी. इथे आमची चूक झाली. एका ठिकाणी रक्त दिलं, तिथे आधी कुणी काही समजावलं नाही आणि काही आठवड्यांनी रिपोर्ट मोबाइलवर येऊन पडला. पीडीई6बी नावाच्या जनुकात बदल आहे, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत आहे, आणि पुढे शेरा: अर्थ अनिश्चित. आठ दिवस घरात नीट कुणी जेवलं नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे, रक्त देण्याआधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. आम्ही नंतर भेटलो.

त्या बाईंना भावाने पहिलाच प्रश्न विचारला, "आजार डोळ्याचा, मग रक्त कशाला घेतलं? आणि बिघाड रक्तातही आहे तर बाकी अंग धडधाकट कसं?"

त्यांनी सांगितलं ते असं. अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुकं असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही पडद्याचं जनुक असतं, त्यामुळे त्यातली अक्षरं रक्तातून वाचता येतात. पण कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद, हे पेशीगणिक ठरतं. रॉड आणि शंकू ही जवळची भावंडं, तरी एकाच कामाला वेगळी जनुकं वापरतात. प्रकाश पडला की पेशीतला एक निरोप्या रेणू तोडावा लागतो. तो तोडायला रॉड पीडीई6ए आणि पीडीई6बी चालवतात, शंकू पेशी पीडीई6सी. रॉडला रॉड करणारी कळ म्हणजे एनआरएल हे जनुक. 2001 मध्ये संशोधकांनी उंदरांत ते काढून टाकलं, तर रॉड तयारच झाले नाहीत, त्यांच्या जागी शंकूसारख्या पेशी आल्या. एवढंसं एक जनुक! मी ते ऐकून बराच वेळ गप्प होते.

"मग माझ्या शंकू पेशी शाबूत राहतील ना?" भावाने विचारलं. बाई थांबल्या. त्यांच्यात बिघाड नाही, पण त्या रॉडच्या आधाराने जगतात, असं म्हणाल्या. रॉड एक प्रथिन बाहेर सोडतात, ते शंकूंना तगवतं. रॉड गेले की हळूहळू शंकूही मरतात. किती वर्षांत, ते माणसागणिक वेगळं.

'अनिश्चित' या शेऱ्याचं कारणही तिथेच कळलं. अक्षर बदललंय हे रक्तात दिसतं, पण ते जनुक रक्तात काम करत नाही, म्हणून बदलाने नेमकं काय बिघडतं हे रक्तात तपासता येत नाही. त्यासाठी पडद्याचा तुकडा हवा, आणि दिसत्या डोळ्यातून तो कोण काढणार? दुसरी वाट घरातून जाते. सगळ्यांचं रक्त तपासायचं आणि बदल आजाराबरोबर फिरतो का ते बघायचं.

आई ही नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, मामाची मुलगी. आमच्याकडे हे सोयरिकीचं भूषण मानतात. दोघांकडे त्या बदलाची एकेक प्रत निघाली, दुसरी शाबूत, म्हणून दोघांची नजर ठणठणीत. माझ्याकडेही एक. सिन्नरला दिलेल्या धाकट्या बहिणीला मी फोन केला तेव्हा ती आधी रक्त द्यायला नाही म्हणाली. मग रडायला लागली. "ताई, मला लग्नाच्या आधीपासून रात्रीचं दिसत नाही. मी कुणाला सांगितलंच नाही." संध्याकाळच्या कार्यक्रमांना ती का यायची नाही, हे मला त्या क्षणी उमगलं. समुपदेशकांशी बोलून, नवऱ्याला सांगून, तिने स्वतःच्या मनाने रक्त दिलं. तिच्याही दोन्ही प्रती बदललेल्या निघाल्या. त्यावरून शेरा बदलला: आजाराला कारणीभूत असण्याची दाट शक्यता.

अमेरिकेत डिसेंबर 2017 मध्ये मान्यता मिळालेलं जनुक उपचाराचं इंजेक्शन भावाने विचारलंच. ते आरपीई65 जनुकासाठी आहे, आणि ते जनुक रॉडच्या मागच्या थरात काम करतं. आमच्या बिघाडाला त्याचा उपयोग नाही. पण आता आमच्या जनुकाचं नाव माहीत आहे, उद्या पीडीई6बीसाठी काही आलं तर आम्हाला ते ओळखता येईल.

दोघांची वर्षातून एकदा दृष्टिक्षेत्राची आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचं चित्र) तपासणी ठरली आहे. या आजारात होणारे मोतीबिंदू आणि पडद्यावरची सूज यांवर इलाज होतो, म्हणून ही तपासणी चुकवायची नाही. मोटरीला मोबाइल स्टार्टर बसवला. बहीण मळ्यावर आली की चार वाजताच निघते, आणि कुणी थांब म्हटलं तर सरळ सांगते, "अंधार पडला की मला दिसत नाही."