मावशीचा प्रश्न

"आणि प्यायचं पाणी कुठनं आणतात गा हे लोक?" मालदीवच्या सी-प्लेनमधला माझा व्हिडिओ बघता बघता मावशीनं थेट विचारलं.

खाली प्रवाळाची हिरवी-निळी कडी, पायलट चक्क अनवाणी, इंजिनाच्या आवाजामुळं कानात बोळे... मी कौतुकानं सांगतोय, आणि हिचं लक्ष पाण्यावर! शहापुरात उन्हाळाभर नळाची वाट बघणारी बाई ती.

बेटं समुद्रापेक्षा जेमतेम मीटर-दीड मीटर उंच, विहिरींत खारं पाणी शिरतं. म्हणून समुद्राचंच पाणी गोडं करतात. डिसेंबर 2014 मध्ये राजधानी मालेतला पाणी गोडं करायचा प्लांट आगीनं बंद पडला, तेव्हा आपल्या वायुदलानं विमानानं पाणी पोचवलं होतं.

"विमानानं? आणि आमच्या गल्लीत टँकर वळत नाही म्हणतात!"

आता हिला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा.