कोकण-गोवा सुट्टीतली वाचनालयं : आतापर्यंतची नोंद

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय (१८२८), सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर (१८५२), वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय (१८७१) आणि पणजी : हा मार्ग आता नीट बसला आहे.

खरी अडचण वेळेची. बरीच वाचनालयं सकाळ-संध्याकाळ दोन सत्रांत चालतात, दुपारी बंद. संध्याकाळ घरच्यांना समुद्रावर हवी असते; म्हणून नाश्ता उरकून सकाळचं सत्र गाठावं, दीड तास पुरतो. साप्ताहिक सुट्टी गावागणिक वेगळी. आदल्या दिवशी फोन करून उद्या उघडं आहे का, एवढंच विचारून भागत नाही. जुन्या कपाटांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात ते हजर असतील का, हेही विचारावं. ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सर्वांत लहान, वाचनालयात सगळी भिस्त एकाच कर्मचाऱ्यावर असते. ते रजेवर गेले की वर्तमानपत्रं वाचायला मिळतात, कपाटं नाही.

पुस्तक घरी न्यायला अनामत आणि वर्गणी लागते, त्यामुळे देवघेव विभाग प्रवाशाच्या कामाचा नाही. मागायच्या त्या गावच्या स्मरणिका, संस्थांचे शताब्दी अंक, स्थानिक लेखकांनी पदरमोड करून छापलेली पुस्तकं. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ही सापडत नाहीत. ‘कोकणावरचं काही दाखवा’ म्हटलं की नेहमीची चार पुस्तकं समोर येतात. गाव, व्यक्ती किंवा साल नेमकं सांगावं.

दोलामुद्रितं, म्हणजे साधारण १८६७पूर्वीची छापील पुस्तकं, पाहायची तर ओळखपत्र आणि लेखी अर्ज तयार ठेवावा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सनस्क्रीन आणि घामाचे डाग कागदावरून जात नाहीत. पुस्तक सपाट उघडू नये, शिवण तुटते. दोन्ही पुठ्ठ्यांखाली आधार द्यावा. झेरॉक्सचा आग्रह याच कारणासाठी नको. टिपणं पेन्सिलीनेच. फोटोची परवानगी मिळाली तर फ्लॅश बंद करून आधी शीर्षकपान आणि दाखल अंक (पुस्तकाचा वाचनालयातला नोंदणी क्रमांक) टिपावा, नाहीतर घरी आल्यावर कुठलं पान कुठल्या पुस्तकाचं ते कळत नाही.

पणजीचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२चं, आता पाटो भागात, कदंब बसस्थानकापासून जवळ. बालविभाग वेगळा आहे, म्हणून मुलांबरोबर एकाने थांबावं आणि दुसऱ्याने गोवाविषयक संग्रह गाठावा. पोर्तुगीज, कोंकणी, मराठी असा तिन्ही भाषांतला ऐवज तिथे एकत्र आहे. या मार्गावर सर्वाधिक वेळ इथेच राखावा.

पुढे कोल्हापूर : करवीर नगर वाचन मंदिर (१८५०) आणि अंबाबाईचं दर्शन एकाच सकाळी बसवायचं आहे.