ड्रॅगून वंशावळ चार्ट अपडेट : 19 नंबरची फांदी एकदाची जोडली

मंडळी, ब्रिटिश ड्रॅगून रेजिमेंट्सचा जो मोठा चार्ट करतोय त्यातली लाइट ड्रॅगून्सची बाजू आता जवळपास पूर्ण झाली. सर्वात जास्त वेळ 19 नंबरने खाल्ला, म्हणून आजचं अपडेट मुख्यतः त्याच्यावरच आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, ड्रॅगून म्हणजे मुळात घोड्यावरून जायचं आणि उतरून बंदुकीने लढायचं असे शिपाई, पगार कमी, घोडा स्वस्तातला. हळूहळू ते घोड्यावरूनच लढायला लागले आणि 1746 पासून तर सरकारने खर्च वाचवायला जुन्या भारी ‘हॉर्स’ रेजिमेंट्सनाच ड्रॅगून करायला सुरुवात केली आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून नाव दिलं ड्रॅगून गार्ड्स. लाइट ड्रॅगून्स त्यानंतरचे, हलके आणि चपळ, 1759 च्या सुमारास त्यांच्या वेगळ्या रेजिमेंट्स उभ्या राहायला लागल्या.

आता 19. माझा नियम असा होता की एक नंबर म्हणजे एक रेघ, पण इथे तो चालतच नाही. 1759 ला ड्रॉगेडाच्या अर्लने उभी केलेली रेजिमेंट आधी 19वी होती, 1763 ला ती 18वी झाली. मग 1779 ला दुसरीच एक 19वी आली आणि 1783 ला मोडली. तिसरी 19वी म्हणजे आपल्या ओळखीची, ती 1781 ला सर जॉन बर्गोइनने 23वी लाइट ड्रॅगून्स म्हणून उभी केली, 1782 ला मद्रासला उतरली (भारतात आलेली ही पहिली ब्रिटिश घोडदळ रेजिमेंट) आणि 1786 ला तिला 19 नंबर मिळाला. टिपूविरुद्ध लढली, 1800 ला धोंड्या वाघ या बंडखोर सरदाराच्या मागावर आर्थर वेलस्लीबरोबर (इंग्रज सेनापती, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) होती, कोनगलला त्याच्यावर जो शेवटचा हल्ला झाला त्यात पण होती.

आणि मग असई. 23 सप्टेंबर 1803, भोकरदनजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधली जागा. एकीकडे शिंद्यांचे कवायती कंपू (युरोपियन पद्धतीने शिकवलेल्या पायदळाच्या तुकड्या), पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली, बरोबर नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीच्या उजव्या बाजूची 74वी हायलँडर पलटण भरकटून थेट असई गावासमोर गेली आणि तोफांनी तिच्या चिंधड्या केल्या, वर मराठा घोडदळ तिच्यावर तुटून पडलं, तेव्हा कर्नल मॅक्सवेल 19वी ड्रॅगून्स आणि मद्रासचं देशी घोडदळ घेऊन मध्ये घुसला म्हणून ती पलटण पूर्ण संपायची वाचली. मॅक्सवेल त्याच दिवशी नंतरच्या हल्ल्यात मेला. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज फौज पुढे गेल्यावर उठून पाठीमागून परत गोळे सोडायला लागले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय आणि माझ्या मते त्या दिवसातलं सर्वात धाडसाचं काम ते होतं. वेलस्लीचे मेलेले-जखमी मिळून दीड हजाराच्या वर गेले. 19व्या रेजिमेंटला बक्षीस म्हणून ईस्ट इंडिया कंपनीकडून मानाचं निशाण मिळालं आणि पुढे हत्तीचं चिन्ह आणि ‘असई’ हा मान (म्हणजे जिंकलेल्या लढाईचं नाव मिरवायचा हक्क).

पण ही रेजिमेंट पुढे कॅनडात 1812 च्या युद्धात लढली, 1816 ला लान्सर (भालेवालं घोडदळ) झाली आणि 1821 ला मोडली. रेघ इथे संपते. शिपाई घरी, घोडे विकले, विषय खलास.

मग आजच्या ब्रिटिश ‘द लाइट ड्रॅगून्स’ रेजिमेंटकडे असईचा मान आला कुठून? तर 1857 च्या धामधुमीत कंपनीने बंगालमध्ये युरोपियन घोडदळाच्या काही रेजिमेंट्स घाईने उभ्या केल्या, त्यात बुटकी माणसं बरीच म्हणून त्यांना डम्पीज म्हणायचे. त्यातली पहिली राणीच्या फौजेत आली आणि 1862 ला 19वी हुसार (हुसार म्हणजे हलकं घोडदळच) झाली, आणि पुढे जुन्या 19व्याचे सगळे मान तिला लावून दिले. माणसं वेगळी, जागा वेगळी, फक्त नंबर तोच. हे सरळ सरळ दत्तक घेणं आहे. आणि मला राहून राहून वाटतं की साताऱ्याचं दत्तकविधान याच कंपनीने 1848 ला नाकारून राज्य घशात घातलं होतं, आणि तिच्याच रिसाल्याला मात्र मेलेल्या घराण्याचा वारसा असा बिनबोभाट मिळाला.

म्हणून चार्टवर 1821 ते 1862 मी तुटक रेघ काढली आहे, लाल रंगात. काही जणांचं मत होतं की सैन्याने मान्य केलंय तर सलग रेघ काढ, पण मला ते पटत नाही, मान आला म्हणून वंश आला असं होत नाही.

पुढचं पटकन. पहिल्या महायुद्धानंतर काटकसर आली, 1922 ला 15वी आणि 19वी हुसार मिळून 15/19, 13वी आणि 18वी मिळून 13/18. ही 13वी म्हणजे क्रिमियन युद्धातल्या बालाक्लावाच्या 1854 च्या हल्ल्यातली, स्काउट चळवळीचा बेडन-पॉवेल पण हिच्यातच लखनौला येऊन दाखल झाला होता. 13/18 चे तरंगणारे शर्मन रणगाडे 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. मग शीतयुद्ध संपल्यावरची कपात, आणि 1992 ला या दोन्ही मिळून द लाइट ड्रॅगून्स. चारही घराणी कधी ना कधी लाइट ड्रॅगून्स होती म्हणून नाव चपखल आहे, पण मला 1922 ची तिरकी रेघवाली नावं जास्त आवडतात कारण नाव वाचताच दोन्ही आजोबा कळतात. आणि बघा, 1759 ची जी पहिली 19वी, जी 18वी झाली, ती पण मध्ये मोडून 1858 ला परत उभी राहून शेवटी याच खोक्यात आली. चार्टवर त्या दोन रेघा खाली एकत्र आल्या तेव्हा फार भारी वाटलं.

पुढची फांदी रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्स, म्हणजे स्कॉट्स ग्रेज आणि 3री कॅराबिनिअर्स, 1971. त्यात कॅराबिनिअर्सची इंफाळजवळची नुंगशिगमची टेकडी येणार, 13 एप्रिल 1944, जिथे स्क्वाड्रनचे सगळे अधिकारी पडल्यावर सार्जंट-मेजरने ली रणगाडे वर नेले, बरोबर डोग्रा पलटण होती. त्या चौकटीत डोग्रांचं नाव पण घालतोय, जागा कमी पडली तर फाँट लहान करीन.