अण्णांची वही

१७ सप्टेंबर, रात्री

आज अण्णांचा दहावा, आणि तो नेमका मुक्तिदिनी आला. दरवर्षी या दिवशी कडक इस्त्रीची टोपी घालून अण्णा सगळ्यांच्या आधी झेंडावंदनाला हजर. १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते बारा वर्षांचे होते. रझाकारांच्या भीतीनं उभ्या ज्वारीत रात्री काढल्या, त्याबद्दल विचारलं की एवढंच सांगायचे, "मुंग्या लई होत्या."

विधी गंगाखेडला, गंगेवर केला. कावळा काही शिवेना. आईला अंतर देणार नाही, शेत विकणार नाही, नातीचं लग्न थाटात करू, काकांनी सगळं कबूल करून पाहिलं. शेवटी दर्भाचा कावळा केला. अण्णांनी जिवंतपणी तरी कुणाचं ऐकलं होतं!

सेलूला परत आलो तर देवळीत पानपुड्याखाली त्यांची लाल वही सापडली. आतलं सगळं उर्दूत. निजामाच्या काळातली शाळा. स्वतःपुरतं काही लिहायचं तर ते उर्दूतच लिहायचे. आम्हा भावंडांत एकालाही वाचता येत नाही. धाकट्याला खात्रीच, ही उधारीची वही. बहात्तरच्या दुष्काळात कुणाकुणाला ज्वारी दिली ते निघणार म्हणे.

शेजारच्या चाचांकडे नेली. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. "घमेलं. पहार. विहिरीचा गळ. शिडी. फिर घमेलं." शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेलेल्या वस्तू! परत आली की नावावर आडवी रेघ. स्वतःच्या नावापाशी चाचा थबकले, रेघ आहे बघून हसले.

एकाच नावावर रेघ नव्हती. मास्तर, शिडी, २०११.

त्या दिवाळीला घर रंगवायचं तर अण्णांनी मला दुसरीकडून शिडी आणायला पिटाळलं होतं. मी चिडलो, तर म्हणाले, "आपली कामात हाय." मास्तर जाऊनही आता आठ वर्षं झाली.

संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन आलो. परसात भिंतीला टेकून शिडी उभी आहे, खालच्या दोन पायऱ्या किडलेल्या. वर दोडक्याचा वेल गेलाय, पिवळ्या फुलांनी भरलाय.

"न्या की," बाई म्हणाल्या.

म्हटलं, दोडके निघू द्या, मग बघू.