तुम्ही विचारलंत म्हणून: खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचा रेडिएटर टिकतो का?

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणी गाडीत जास्त ताकदीचं इंजिन घातलं की हा प्रश्न येतोच. "समुद्राकाठी ॲल्युमिनियम टिकत नाही म्हणतात, एका पावसाळ्यात गळतो. मग तांब्याचाच ठेवू का?" उत्तर दिलं तरी समोरच्याच्या चेहऱ्यावरची शंका जात नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

टिकतो. तुमच्या अंगणात उभ्या असलेल्या साध्या गाडीचा रेडिएटरही बहुधा ॲल्युमिनियमचाच असतो, फक्त त्याच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. तो याच हवेत वर्षानुवर्षं चालतो. मग त्याच गाडीला बसवलेला पूर्ण ॲल्युमिनियमचा, दुप्पट महाग रेडिएटर का गळतो, हे विचारायला हवं.

वेंगुर्ल्याकडच्या एका होंडा सिटीचं उदाहरण घ्या. इंजिन दीड लिटरचं व्हीटेक, रेडिएटर नळ्यांच्या दोन ओळींचा, टाक्यांना सुबक आर्गन वेल्डिंग. जूनमध्ये बसवला आणि गणपतीच्या आधीच गळायला लागला. मालकाने खाऱ्या वाऱ्याला दोष दिला. कोअर, म्हणजे नळ्या आणि जाळीचा मधला भाग, कापून पाहिला तर बाहेरच्या जाळीवर गंजाची खूण नव्हती, चार-दोन पट्ट्या वाकलेल्या, एवढंच. नळ्या मात्र आतून खाल्लेल्या होत्या. टाकीच्या तोंडाशी, नळ्या जिथे सुरू होतात तिथे पांढऱ्या पुडीने भरलेले खड्डे, आणि पूड खरवडली की तळाशी सुईएवढं भोक. आत विहिरीचं पाणी होतं, तांबूस झालेलं. फॅनची निगेटिव्ह वायर रेडिएटरच्याच ब्रॅकेटवर स्क्रूने आवळलेली. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी गंजून अर्धी तुटलेली. म्हणजे फॅनचा करंट परतीची वाट कूलंटमधून, आतल्या पाण्यातून, शोधत होता, आणि विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांनी ती वाट सोपी करून दिली होती. कंपनीच्या रेडिएटरला हे झालं नाही, कारण तो रबरी बुशांवर बसलेला, फॅन प्लास्टिकच्या कवचावर आणि टाक्याही प्लास्टिकच्या. विजेच्या दृष्टीने तो गाडीपासून जवळपास सुटाच होता. नवा बसवताना नेमकं हे सुटेपण काढून टाकलं गेलं.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. डीसी व्होल्टवर ठेवा, काळी टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल टोकणी थंड रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये. धातूला लागू देऊ नका. आधी सगळं बंद ठेवून बघा, मग फॅन, दिवे, फ्युएल पंप एकेक चालू करा, शेवटी स्टार्टर मारा. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर ठीक, 0.3 च्या वर गेलं तर धोका. ज्या क्षणी आकडा उडी मारतो, त्या सर्किटचा अर्थ खराब आहे. सगळं बंद असतानाही आकडा दिसत असेल तर कूलंटमधलं गंजरोधकच संपलेलं आहे. फॅनची निगेटिव्ह थेट बॅटरीला न्या, इंजिनपासून बॉडीला नवी जाड पट्टी द्या आणि मगच नवा रेडिएटर चढवा. त्या होंडात एवढं केल्यावर आकडा 0.1 च्या खाली आला.

तांब्याबद्दल खरं तेच सांगतो. तांबं उष्णता जास्त वाहून नेतं आणि गळलं तर कुठल्याही बाजारपेठेत डाग देऊन मिळतो. आतून कुजलेल्या ॲल्युमिनियमवर आर्गनही धरत नाही. जुनी जिप्सी फक्त रस्त्यावर फिरवायची असेल तर तांब्याचा खुशाल ठेवा. ॲल्युमिनियमचा फायदा वजनात आहे आणि नळीच्या रुंदीत आहे. एक इंच रुंद नळी दाब सहन करते, त्यामुळे दोन ओळींत काम होतं आणि हवेला अडथळा कमी होतो.

निवडताना जाडीच्या मोहात पडू नका. फार जाड कोअरमधून घाटात, कमी वेगात, फॅन हवा ओढू शकत नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, ऑटोक्रॉस (कच्च्या मैदानावरची शर्यत) करणार असाल तर इंचाला 20 पट्ट्यांची दाट जाळी घेऊ नका, चिऱ्याच्या तांबड्या धुळीने ती बुजते. 14 च्या आसपास बरी. होज बसतो त्या तोंडाला उठलेली कड हवीच, नाहीतर क्लिप कितीही आवळा, होज निसटतो. खालचा होज पंपाच्या ओढीने चपटा होतो, त्यात स्प्रिंग आहे ना बघा.

बसवताना खाली रबर, वर रबर, आणि रेडिएटर बोटाने किंचित हलला पाहिजे. कडक आवळलेला रेडिएटर बॉडीबरोबर पिळवटतो आणि टाकीच्या वेल्डिंगला तडा जातो. फॅन कोअरमधून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधू नका, त्या नळ्या घासतात. शेजारच्या फटी फोमने बंद करा, हवा नेहमी सोपी वाट धरते. आणि थर्मोस्टॅट काढू नका, कुठल्याही मिस्त्रीने सांगितलं तरी. अनेक इंजिनांत तो काढला की बायपास, म्हणजे पाणी परत इंजिनात नेणारी आडवाट, उघडाच राहतो आणि पाणी रेडिएटर टाळून फिरत राहतं.

भरण्याआधी नवा रेडिएटर डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा, आत ब्रेझिंगचा फ्लक्स, म्हणजे सांधे जोडताना वापरलेलं रसायन, उरलेला असतो. झाकण सगळ्यात उंच जागी नसेल तर गाडीचं नाक जॅकवर चढवून हवा काढा.

आत काय भरायचं, यावर मात्र माझं मत अजून पक्कं नाही. इथे गोठण्याची भीती नाही, पाणी ग्लायकॉलपेक्षा, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य द्रवापेक्षा, जास्त उष्णता नेतं, आणि 1.1 बारच्या झाकणाखाली साधं पाणीही 120 अंशांच्या पुढे उकळतं. अनेक ट्रॅकवर तर ग्लायकॉल सांडून घसरायला होतं म्हणून बंदीच असते. या हिशोबाने डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक पुरे. पण गंजरोधक किती उरलंय हे डोळ्यांना दिसत नाही, आणि रोजच्या गाडीत ते कुणी वेळेवर बदलत नाही. म्हणून विचारणाऱ्याला मी 30 टक्के कूलंट सांगतो, रेसवाल्याला पाणी सांगतो. एकच गाडी दोन्हीकडे चालवणारा आला की दर वेळी अडतो.