सोलापुरात मायसिड: टाकीत पिल्लं आली!

मंडळी, बातमी आधी सांगतो. काल रात्री टॉर्चच्या उजेडात काचेलगत जेमतेम दोन मिलिमीटरचे जीव दिसले. अंग दिसतच नव्हतं, नुसते काळे डोळे, आणि सगळे प्रवाहाकडे तोंड करून पोहत होते.

नवीन लोकांसाठी: मायसिड हा उथळ किनाऱ्यालगत आणि खाड्यांमध्ये थव्यानं राहणारा, सेंटिमीटरभर लांबीचा पारदर्शक जीव. दिसतो जवळ्यासारखा. ओळखायचा असेल तर शेपटीच्या पंख्याकडे बघा, तोल सांभाळणाऱ्या अवयवाचे दोन चकचकीत ठिपके दिसतील. जवळा अंडी पाण्यात सोडून देतो, मायसिडची मादी मात्र ती पोटाखालच्या पिशवीत सांभाळते. पिल्लू बाहेर येतं तेच मोठ्यांसारखं होऊन, त्यामुळे कोळंबीसारख्या नाजूक अळ्या सूक्ष्म शेवाळावर जगवायची भानगड नाही. समुद्रापासून इतक्या लांब हा छंद जमतो तो यामुळेच. या माद्यांच्या पिशवीतून आधी पिवळसर गोळे दिसायचे. मग त्यांत काळे ठिपके उमटले, म्हणजे पिल्लांचे डोळे! तेव्हापासून रोज रात्री टाकीसमोर बसत होतो.

आता आपल्या उन्हाचं. बाहेर पारा बेचाळीसला टेकला की टाकी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मी पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा वारा जाईल असा छोटा पंखा लावलाय. सोलापूरची हवा कोरडी असल्यानं पाणी झपाट्यानं उडतं आणि टाकी चांगली थंड होते. मुंबईच्या दमट हवेत पंख्याचा एवढा उपयोग होत नाही. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची, रोज सकाळी, काचेवर मारलेल्या खुणेपर्यंत. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा आरओचा कॅन कायम भरलेला ठेवतो. क्षारता हजारी २५ वर धरलीय आणि रिफ्रॅक्टोमीटरनं तपासल्याशिवाय टाकीला हात लावत नाही. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप आहेच.

खाणं म्हणजे ताजा उबवलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव), दिवसातून दोनदा. २८ अंशांच्या आसपास त्याची अंडी साधारण २४ तासांत फुटतात, म्हणून दोन बाटल्या आलटून पालटून लावतो. यात हयगय नको. पोट रिकामं राहिलं की मोठे मायसिड स्वतःचीच पिल्लं खातात.

त्यासाठी आज मोठ्यांना बारीक जाळीच्या कप्प्यात हलवलं. जाळीतून पिल्लं निसटतात, मोठे आतच राहतात. पंपाचा जोरही कमी केलाय, बुडबुड्यांचा मारा पिल्लांना सोसत नाही. ती अंगानं भरली की पहिली वाटणी करू. ज्यांना हवीत त्यांनी आतापासूनच खाऱ्या पाण्याची टाकी मुरवायला घ्या, म्हणजे पाणी साफ ठेवणारे जिवाणू तिच्यात आधीच वाढू द्या.